बाग नसलेला महाल : आर्तिमिनो येथील मेदिचींचा शिकारवाडा

इटलीत फ्लॉरेन्सजवळ आर्तिमिनो नावाच्या टेकडीवर, तेथे एके काळी राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याने बांधलेला शिकारवाडा आवर्जून पाहावा असा आहे. मात्र तो कोणी पाहावा आणि कशासाठी पाहावा, हे आधीच सांगितलेले बरे. आपल्याकडील मंडळी युरोपातील राजवाडे पाहायला जातात ती सोनेरी मुलाम्याची छते, झुंबरे, आरसेमहाल आणि कातरलेल्या झुडपांच्या बागा डोळ्यांसमोर ठेवून. त्या अपेक्षेने येथे आलेला माणूस अर्ध्या तासात बसकडे वळेल, कारण त्यांपैकी बहुतेक गोष्टी येथे नाहीत आणि बाग तर येथे मुळातच केली गेली नाही. येथे आहे ती सभोवार पसरलेली जमीन, म्हणजे जंगल, द्राक्षमळे आणि ऑलिव्हची झाडे, आणि त्या सर्वांवर नजर राहावी अशा बेताने टेकडीच्या माथ्यावर उभी केलेली एक पांढरी, भक्कम वास्तू. द्राक्षबागांच्या सहवासात वाढलेल्या आणि सुटी मिळाली की एखाद्या गडाची वाट धरणाऱ्या नाशिककराला हा वाडा फ्लॉरेन्समधील अनेक नामांकित महालांपेक्षा अधिक उमजेल, असे माझे मत आहे.

फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला वीस-पंचवीस किलोमीटरवर मोन्तालबानो नावाची डोंगररांग आहे आणि तिच्या एका सोंडेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे २६० मीटर उंचीवर, आर्तिमिनो आहे. हा आकडा आपल्याला किरकोळ वाटेल, कारण नाशिक शहरच त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर वसलेले आहे. परंतु खाली आर्नो नदीचे खोरे एकदम सपाट होत गेल्यामुळे येथून दिसणारा मुलूख फार मोठा आहे आणि हवा स्वच्छ असेल तर थेट फ्लॉरेन्सपर्यंत नजर पोहोचते. टस्कनीचा, म्हणजे फ्लॉरेन्सभोवतीच्या राज्याचा, शासक ग्रँड ड्यूक फर्दिनांदो पहिला याने १५९६ मध्ये येथे काम सुरू करविले आणि १६०० पर्यंत ते पुरे झाले. त्याच्याच नावावरून या वास्तूला ‘ला फर्दिनांदा’ म्हणतात. वास्तुशिल्पी होता बेर्नार्दो बुओन्तालेन्ती, ज्याने नुकताच याच ड्यूकसाठी फ्लॉरेन्समधील बेल्व्हेदेरे किल्ला उभारला होता. शिकारीच्या फेरीत ड्यूक या माथ्यावर थांबला आणि बुओन्तालेन्तीला आहे तेथेच उभे करून, मला आणि माझ्या सगळ्या दरबाराला पुरेल असा वाडा या जागी हवा, असे त्याने फर्मावले, अशी कथा सांगतात. कथा नंतर सजवलेली असली तरी जागा पाहिल्यावर ती पटते, कारण येथे आधी जागा निवडली गेली आणि मग तिच्यासाठी वास्तू बेतली गेली, हे चारही दिशांना फिरून पाहिले की लक्षात येते.

या फर्दिनांदोची हकीकत थोडी विस्ताराने सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय वाड्याचा रोख कळत नाही. तो धाकटा मुलगा. कोवळ्या वयातच त्याला कार्डिनल, म्हणजे पोपखालोखालचा धर्माधिकारी, करून रोमला धाडलेले होते. १५८७ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचा थोरला भाऊ, तेव्हाचा ग्रँड ड्यूक फ्रान्चेस्को, आणि वहिनी बियांका काप्पेल्लो हे दोघेही एकमेकांपाठोपाठ, जेमतेम एका दिवसाच्या अंतराने वारले. ज्या वाड्यात ते वारले तो पोज्जो आ कायानोचा मेदिची वाडा आर्तिमिनोपासून अवघ्या काही किलोमीटरवर आहे. धाकट्या भावाने विष घातले, ही कुजबुज तेव्हापासून आजतागायत चालू आहे. सांगाड्यांच्या अवशेषांवर आधुनिक तपासण्या होऊनही आर्सेनिक की मलेरिया, हा वाद संशोधकांत मिटलेला नाही. फर्दिनांदोने कार्डिनलपद सोडले, १५८९ मध्ये फ्रान्समधून आलेल्या लोरेनच्या क्रिस्तीनाशी लग्न केले आणि पुढे राज्य मात्र नेटके केले. गंगापूर रस्त्याने आनंदवल्लीवरून रोज जाणाऱ्या माणसाला हे ऐकताना राघोबादादा आणि आनंदीबाई आठवल्यावाचून राहत नाहीत. १७७३ मधील नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा संशय त्या दांपत्याला जन्मभर चिकटला. फरक एवढाच की राघोबादादांना गादी टिकवता आली नाही आणि फर्दिनांदोला ती टिकवता आली. आनंदवल्लीचा त्यांचा वाडा नावापुरता उरला आणि हा मात्र चार शतकांनंतरही वापरात आहे.

आता प्रत्यक्ष वास्तू. ती आयताकृती असून तिच्या कोपऱ्यांचे भाग बुरुजांप्रमाणे बाहेर काढलेले आहेत आणि पायाकडे येताना त्यांच्या भिंती तिरप्या उतरत्या केलेल्या आहेत. बाज किल्ल्याचा असला तरी काम किल्ल्याचे नाही. बुओन्तालेन्ती तटबंदीच्या कामात मुरलेला माणूस होता आणि त्याने ती भाषा येथे केवळ दरारा निर्माण करण्यासाठी वापरली आहे, हे उघड दिसते. भिंतींना पांढरा गिलावा, खिडक्यांना आणि कडांना करडा दगड, यापलीकडे बाहेरून नक्षीकाम जवळजवळ नाही. या संयमाचे मला फार कौतुक वाटले. खिडक्यांच्या रांगा, त्यांच्यामधील मोकळी भिंत आणि मधोमध खांबांची ओसरी, एवढ्याच सामग्रीवर इतकी मोठी दर्शनी बाजू तोलून धरणे सोपे नाही. आपल्या सरकारवाड्यात लाकडी खांबांवरील कोरीव काम डोळ्यांत भरते; येथे डोळ्यांत भरते ती मोकळी सोडलेली भिंत.

दर्शनी ओसरीपर्यंत नेणारा भव्य दगडी जिना ही येथील सर्वाधिक छायाचित्रे काढली जाणारी जागा आहे. लग्नाचे वऱ्हाड असो की पर्यटकांचा जथा, सगळे तेथेच उभे राहतात. परंतु हा जिना १९३० मध्ये बांधलेला आहे. बुओन्तालेन्तीने काढलेला त्याचा आराखडा फ्लॉरेन्सच्या उफ्फीझी संग्रहात जपून ठेवलेला होता आणि त्याच्या आधारे, तेव्हाचे मालक असलेल्या माराइनी कुटुंबाच्या काळात, तो तीन शतकांनंतर साकारला. म्हणजे ज्या भागासमोर लोक ‘पुनरुज्जीवन काळातील वैभव’ म्हणून उभे राहतात, तो या वास्तूचा सर्वांत तरुण भाग आहे. याने जिन्याची शोभा कमी होत नाही, आराखडाही मूळ शिल्पकाराचाच आहे. मात्र माहिती देणाऱ्याने हे सांगायला हवे, आणि आमच्या सोबतच्या मार्गदर्शकाने ते विचारल्यावरच सांगितले.

माझ्या दृष्टीने खरी गंमत जिन्यापेक्षा छपरावर आहे. या वाड्याला ‘शंभर धुराड्यांचा वाडा’ असे लोक म्हणतात. शंभर हा आकडा लाडाचा समजावा, परंतु धुराड्यांची गर्दी खरोखरच विलक्षण आहे आणि त्यांत एकासारखे दुसरे सापडत नाही. कोणाला पीळ दिलेला आहे, कोणाच्या माथ्यावर चिमुकला मनोरा उभारून त्याला खिडक्या ठेवल्या आहेत, कोणी अगदी साधे चौकोनी विटकाम अंगावर घेऊन मुकाट उभे आहे. इतक्या धुराड्यांचे कारण व्यवहारी आहे. दरबार येथे येत असे तो प्रामुख्याने शिकारीच्या मोसमात, म्हणजे शरद ऋतूत, थंडी पडायला लागल्यावर. आणि टेकडीच्या माथ्यावर चारही बाजूंनी वारा लागणाऱ्या घरात दालनोदालनी शेकोटी असल्याखेरीज निभाव लागला नसता. दर्शनी भिंतीवर हात आखडता घेणाऱ्या बुओन्तालेन्तीने धुराचा निचरा करणाऱ्या या भागावर मात्र एवढी कल्पकता उधळली, हे त्याच्या विनोदबुद्धीचे लक्षण म्हणायला हरकत नाही. दुर्बीण सोबत असेल तर ती येथे काढावी.

आतील भागाचे वर्णन थोडक्यात आटोपता येईल. दोमेनिको पासिन्यानो आणि बेर्नार्दिनो पोच्चेत्ती या चित्रकारांनी रंगवलेली भित्तिचित्रे आहेत आणि त्यांपैकी ओसरीतील पासिन्यानोचे काम निवांतपणे पाहण्याजोगे आहे. दालने प्रशस्त आहेत, पण मूळ सामानसुमान बहुतांशी गेलेले आहे, त्यामुळे ती समारंभांच्या सभागृहांसारखी वाटतात आणि आज त्यांचा उपयोगही तोच होतो. मोठ्या दालनातील जी गोष्ट जगप्रसिद्ध आहे, ती तर आता दालनात नाहीच. जुस्तो उतेन्स या फ्लेमिश चित्रकाराने १५९९ पासून काही वर्षे राबून मेदिचींच्या निरनिराळ्या वाड्यांची सतरा अर्धवर्तुळाकार चित्रे या दालनाच्या भिंतींच्या वरच्या भागासाठी काढली. प्रत्येक चित्रात एकेक वाडा आणि भोवतीची जमीन पक्ष्याच्या नजरेने, झाडन् झाड आणि वाटन् वाट मोजता येईल अशी दाखवलेली होती. जेवणावळीला बसलेल्या परक्या वकिलाने मान वर केली की या घराण्याची मालमत्ता किती आहे याचा हिशेब त्याला न विचारता मिळे. सतरांपैकी चौदा चित्रे शिल्लक आहेत आणि ती आता फ्लॉरेन्सच्या उत्तरेकडील ला पेत्राइया या दुसऱ्या मेदिची वाड्यात लावलेली आहेत. ती तेथे सुरक्षित आहेत, याबद्दल तक्रार नाही. तरी आर्तिमिनोच्या दालनात उभे राहून वर पाहिले की त्यांची उणीव जाणवते. म्हणून शक्य असल्यास आधी आर्तिमिनो आणि मग पेत्राइया, या क्रमाने जावे.

आर्तिमिनोला मात्र बागेचा पत्ता नाही. त्या चित्रांतील मेदिचींच्या अनेक वाड्यांभोवती वाफे, कारंजी, वेलींचे मांडव यांची रेलचेल असताना येथे वाडा थेट माळावर आणि रानाच्या तोंडाशी उभा आहे. फर्दिनांदोला बागेची हौस नव्हती असे मुळीच नाही. येथे त्याला बाग नकोच होती, कारण दारापासूनच शिकारीचे रान सुरू व्हायचे होते. रानडुकरे, हरणे, ससे, पक्षी यांसाठी मोन्तालबानोचे रान प्रसिद्ध होते. पुढे १६२६ मध्ये त्याचा नातू फर्दिनांदो दुसरा याच्या नावाने हुकूम निघाला आणि या सगळ्या डोंगरी मुलखाला ‘बार्को रेआले’, म्हणजे सरकारी राखीव शिकाररान, ठरवण्यात आले. त्याभोवती सुमारे ५० किलोमीटर लांबीची दगडी भिंत घातली गेली आणि आत सुमारे ४,००० हेक्टर जमीन आली. नातू त्या वेळी अजाण होता. कारभार त्याची आई मारिया माद्दालेना आणि आजी क्रिस्तीना यांच्या हाती होता. ही आजी म्हणजे तीच क्रिस्तीना, जिच्यासाठी या वाड्यात स्वतंत्र दालने ठेवलेली होती आणि जिला उद्देशून गॅलिलिओने १६१५ मध्ये विज्ञान आणि धर्मग्रंथ यांच्या संबंधावरील आपले प्रसिद्ध पत्र लिहिले. गॅलिलिओ तिच्या मुलाचा गणिताचा शिक्षक होता. विज्ञानाच्या इतिहासात केवळ पत्त्यापुरती उरलेली ही बाई प्रत्यक्षात किती मोठ्या मुलखाचा कारभार हाकत होती, हे आर्तिमिनोच्या ओसरीवर उभे राहिल्यावर समजते.

त्या भिंतीचे अवशेष रानात आजही ठिकठिकाणी आहेत आणि तेथपर्यंत पायवाटा काढलेल्या आहेत. वाडा पाहून झाल्यावर आमच्यापैकी काही जण एका वाटेने तसे थोडे आत गेलो. ओबडधोबड दगड, त्यांच्यावर चढलेले शेवाळे, मध्येच ओकच्या मुळांनी फोडलेला भाग. पाहायला विशेष असे काहीही नाही. तरी संपूर्ण भेटीत मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट हीच होती. भिंतीच्या आत राहणाऱ्या शेतकऱ्याला पिकात शिरलेल्या जनावराला हात लावण्याची मुभा नव्हती. डुकराने गहू तुडवला तरी डुक्कर ड्यूकचे आणि नुकसान कुळाचे. ही तक्रार पिढ्यान्‌पिढ्या चालली. मेदिची घराणे १७३७ मध्ये संपले, गादी लोरेन घराण्याकडे गेली आणि त्यातील सुधारक ग्रँड ड्यूक पिएत्रो लेओपोल्दो याने १७७२ मध्ये हे राखीव रान रद्द करून टाकले. पुढे १७८२ मध्ये त्याने वाडाही विकला. आमच्यासोबत दिंडोरीकडील एक द्राक्षबागायतदार काका होते. त्यांनी हे ऐकून विचारले, “मग आता डुकरे नाहीत का?” आहेत, आणि पुष्कळ आहेत. टस्कनीत रानडुकरांचा उपद्रव हा आजही द्राक्षबागायतदारांचा मोठा प्रश्न आहे आणि विजेच्या तारेची कुंपणे मळ्यांना घातलेली दिसतात. निफाडच्या उसातील बिबट्यावर रोज बातम्या वाचणाऱ्या माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही, पण काकांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले, हे नमूद करतो.

द्राक्षांचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडे अधिक लिहितो, कारण नाशिककराने येथे यावे असे मी म्हणतो त्याचे अर्धे कारण तेच आहे. आर्तिमिनो ही आजही चालती शेती आहे. सुमारे ७०० हेक्टरांच्या या मालमत्तेत रान, ऑलिव्ह आणि द्राक्षे अशी तिन्ही आहेत. येथील वेली सरळ उभ्या तारांवर बांधलेल्या असतात. आपल्याकडचा वाय आकाराचा मांडव दिसत नाही. हिवाळ्यात वेल झोपते, तेव्हा वर्षातून एकदा छाटणी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशी दोनदा कात्री लावावी लागते आणि माल जानेवारीपासून पुढे निघतो. काकांनी दोन छाटण्यांची गोष्ट मळ्यातील माणसाला दुभाष्यामार्फत सांगितली, तेव्हा त्याने ती दोनदा वदवून घेतली. सहलीच्या कार्यक्रमात ‘द्राक्षमळ्याची सैर’ एवढाच उल्लेख होता. पण दोन बागायतदारांचे बोलणे सुरू झाल्यावर आम्ही बाकीचे सावलीत बसून राहिलो आणि कोणी घाई केली नाही.

या भागातील वाइनला शेजारच्या कार्मिन्यानो गावाचे नाव आहे आणि त्या नावामागे फार जुना कायदा आहे. मेदिची घराण्यातील कोसिमो तिसरा याने २४ सप्टेंबर १७१६ रोजी एक जाहीरनामा काढून कार्मिन्यानो, कियान्ती, पोमिनो आणि आर्नोचे वरचे खोरे या चार प्रदेशांच्या सीमा ठरवून दिल्या आणि त्या सीमेबाहेरच्या वाइनला ती नावे लावण्यास मनाई केली. नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन मिळाल्याचा आपल्याला योग्य अभिमान आहे; ती कल्पना येथे तीन शतकांपूर्वी कागदावर उतरली होती. कार्मिन्यानोत सांजोव्हेझे ही स्थानिक द्राक्षे निम्म्याहून कमी चालत नाहीत आणि सोबत १० ते २० टक्के काबेर्ने घालावीच लागते. ही फ्रेंच जात मेदिचींच्या काळापासून येथे आहे असे मानतात आणि जुने लोक तिला ‘फ्रेंच द्राक्ष’ म्हणूनच ओळखतात. चव चाखण्याच्या कार्यक्रमात तीन प्रकार दिले गेले. मुख्य कार्मिन्यानो घट्ट आणि गंभीर. ती जेवणाशिवाय पिण्यात अर्थ नाही. शिकाररानाचेच नाव लावणारी बार्को रेआले ही तुलनेने हलकी आणि लवकर पिण्याजोगी, आणि मला तीच अधिक आवडली. तिसरी गुलाबी, ‘विन रुस्पो’ नावाची. तिची हकीकत अशी, की अर्धेलीने कसणारी कुळे मालकाच्या वाड्यावर रस घेऊन जाताना वाटेत त्यातला थोडा काढून घेत आणि त्याची गुपचूप वाइन करीत. मालकाच्या अंगणातच बसून चोरीच्या वाइनची ही परंपरा अभिमानाने सांगितली जाते, यातील गंमत चाखण्यासारखी आहे. दर्जाबद्दल प्रांजळपणे सांगायचे तर लाल वाइनमध्ये आपण अजून मागे आहोत. मात्र गुलाबी आणि पांढरीत नाशिकची चांगली बाटली या टेबलावर ठेवायला लाज वाटणार नाही.

जेवणाविषयी शाकाहारी मंडळींनी घाबरण्याचे कारण नाही. शिकारवाड्याच्या जेवणात रानडुकराच्या रश्शासह रुंद पट्ट्यांचा पास्ता असणे स्वाभाविकच आहे आणि खाणाऱ्यांनी त्याची तारीफ केली. आम्ही रिबोल्लीता घेतले. शिळा पाव, पांढरे घेवड्याचे दाणे आणि काळपट हिरवी पानकोबी एकत्र शिजवून दुसऱ्या दिवशी पुन्हा गरम केलेला हा दाट पदार्थ आहे आणि त्यामागची काटकसर आपल्या फोडणीच्या पोळीच्या जातीची आहे. वरून येथल्याच ऑलिव्हचे कच्चे तेल घालतात, ते घशाला किंचित झोंबते आणि तसे ते झोंबणे हेच ताजेपणाचे लक्षण मानले जाते. टस्कनीचा पाव बिनमिठाचा असतो. ही चूक नसून रीत आहे, तेव्हा वाढप्याकडे मीठ मागून त्याला संकटात टाकू नये. मसाल्याची सवय असणाऱ्यांना एकूण जेवण सपक वाटेल आणि आमच्या टेबलावर शेंगदाण्याच्या चटणीची पुडी फिरलीच.

शेवटी आलेल्या सुक्या अंजिरांबद्दल मात्र स्वतंत्रपणे लिहायला हवे. कार्मिन्यानोची ही खासियत. पांढऱ्या सालीचे अंजीर मधोमध उभे चिरून उघडतात, गंधकाची धुरी देऊन उन्हात वाळवतात, आणि मग दोन उघडी अंजिरे एकमेकांवर ठेवताना मध्ये बडीशेपेच्या जातीचे बारीक, सुवासिक दाणे पेरतात. तयार जोडी आठाच्या आकड्यासारखी दिसते, वरची साल पिठूळ पांढरी, आतला गर मधासारखा तांबूस आणि चिकट. दाताखाली आधी अंजिराच्या बिया कुरकुरतात आणि मग ते दाणे फुटून तोंडभर वास पसरतो. पुरंदरच्या अंजिरांवर वाढलेल्या माणसाने हे म्हणणे धाडसाचे आहे, पण सुक्या अंजिरात मी याहून चांगले काही खाल्लेले नाही. वाइनची बाटली सामानात फुटण्याची धास्ती असते, अंजिरांना ती नाही.

मालकीचा पुढचा प्रवास धावता सांगतो. सरदार, उमराव, उद्योजक अशा हातांतून जात १९८० च्या दशकात ही मालमत्ता जुझेप्पे ओल्मो याच्या कुटुंबाकडे आली. सायकलवेड्या नाशिकमध्ये हे नाव माहीत असणारे निघतील. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सांघिक सुवर्णपदक आणि १९३५ मध्ये एका तासात ४५.०९० किलोमीटर सायकल चालवण्याचा विक्रम, म्हणजे तासाला ४५ किलोमीटरचा टप्पा ओलांडणारा पहिला माणूस. पुढे त्याने सायकलींचा कारखाना काढला. ड्यूकच्या घोडदौडीच्या रानात आज सायकलस्वार घाम गाळताना दिसतात, ते या इतिहासाला साजेसेच आहे. दरबारातील सेवकवर्गासाठी बांधलेल्या बाजूच्या लांबलचक इमारतीत आता हॉटेल आहे. मुक्काम करणाऱ्याला सकाळची वेळ मिळते आणि ती या जागेची उत्तम वेळ आहे. परंतु खर्चाचा विचार करता दिवसभराची भेटही पुरेशी ठरते.

जाणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या गोष्टी. वाड्याचा आतील भाग मनात आले की शिरता येईल असा नाही. तेथे लग्ने आणि समारंभ होतात, त्यामुळे आत पाहायचे असल्यास आधी चौकशी आणि नोंदणी करावीच. फ्लॉरेन्सहून सिन्यापर्यंत रेल्वेने जाता येते, पुढचा चढ टॅक्सीने. चार जण असतील तर सरळ मोटार भाड्याने घेणे सोयीचे. ऐन उन्हाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, माथ्यावर ऊन लागते. दिवाळीच्या सुटीत जाणे सर्वांत चांगले, कारण तेव्हा द्राक्षे उतरलेली असली तरी ऑलिव्हची काढणी चालू असते, झाडांखाली जाळ्या अंथरलेल्या असतात आणि रानाला रंग चढलेला असतो. संध्याकाळी गारवा असतो, स्वेटर हवाच. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी मोठ्या जिन्याचा हट्ट धरू नये आणि रानातली वाट तर सोडूनच द्यावी.

एक तक्रार मात्र आहे, आणि ती वाड्याविषयी नाही. ज्या प्रवास कंपनीतर्फे आम्ही नाशिकहून गेलो, तिच्या मूळ वेळापत्रकात आर्तिमिनोला ‘छायाचित्रांसाठी थांबा’ एवढेच स्थान होते आणि उरलेली दुपार एका खरेदी संकुलासाठी राखलेली होती. आम्ही काही जणांनी आग्रह धरल्यावर दोन गट केले गेले आणि आम्हाला येथे राहता आले. जिन्यासमोर छायाचित्र काढून निघायचे असेल तर येथवर येण्याचे प्रयोजनच नाही. येथे किमान अर्धा दिवस हवा, आणि त्यातला मोठा वाटा भिंतींच्या बाहेर घालवायला हवा.

वेळ उरला तर समोरच्या सोंडेवरील तटबंदीच्या जुन्या गावात जावे. वाड्यापासून तेथे चालत जाता येते. मेदिचींच्या फार पूर्वी ही टेकडी एट्रुस्कन, म्हणजे रोमनांच्याही आधीच्या, लोकांची वस्ती होती. गावातील छोट्या पुरातत्त्व संग्रहालयात काळ्या चकचकीत मातीचे नाजूक धूपपात्र ठेवले आहे, ते चुकवू नये. खालच्या बाजूला असलेल्या सेंट लिओनार्डच्या जुन्या चर्चच्या भिंतीत एट्रुस्कन अस्थिकलशांचे तुकडे दगड म्हणून बसवलेले दिसतात. वाड्याला २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले ते एकट्याला नव्हे, तर मेदिचींचे बारा वाडे आणि दोन बागा अशा एकत्रित नोंदीत. आपल्या साल्हेरला २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांसोबत मिळालेला मान त्याच पद्धतीचा आहे. तेव्हा एका वाड्यावर थांबण्यापेक्षा पोज्जो आ कायानो, आर्तिमिनो आणि ला पेत्राइया ही तीन ठिकाणे मिळून दोन दिवसांचा बेत करावा, आणि तो नाशिकमध्ये पैसे भरण्यापूर्वीच प्रवास कंपनीकडून लेखी वेळापत्रकात घालून घ्यावा.